जिभाऊंचं अर्धं लिंबू

आमच्याकडे आलेला पाहुणा आधी खुर्चीवर बसतो, मग पाणी पितो. जिभाऊ मात्र सरळ स्वयंपाकघरात शिरतात, मिक्सरचं भांडं उचलतात आणि त्यात नाक घालतात. मग माझ्याकडे असे बघतात, जणू मी कुणाचं तरी वाटोळं केलंय.

"माय, काल्हना लसून शे आठे."

लसूण कालचाच असतो, हीच तर पंचाईत आहे.

गुजरातेत, लिंबायतच्या आमच्या खानदेशी गल्लीत त्यांना सगळे जिभाऊच म्हणतात. उभा जन्म कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं आणि त्यामुळे ते ओरडून बोलतात. कारखाना सुटल्यावर माणसं पत्ते कुटतात, देवळात बसतात. यांनी गल्लीतले मिक्सर, फ्रीज आणि ओव्हन धरले. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात पावडरच्या जुन्या डब्यात खायचा सोडा, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत व्हिनेगर, झिजलेला टूथब्रश, मिठाची पुडी आणि अर्धं लिंबू. अख्खं लिंबू मी त्यांच्याजवळ कधी पाहिलं नाही. दुसरं अर्धं कुठे जातं, हा आमच्या गल्लीत संशोधनाचा विषय आहे.

"दुकानमाईन काहीच आनू नको, घरमा सगळं शे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणत म्हणत ते माझ्या मिक्सरमध्ये मूठभर कोरडे तांदूळ फिरवतात, वाटीभर पाण्यात लिंबाची साल टाकून मायक्रोवेव्हला वाफ देतात, फ्रीजच्या दाराचं रबर बोटाने ताणून त्याच्या घडीत ब्रश फिरवतात. मी आपली बाजूला उभी. स्वतःच्याच घरात मला कुठे उभं राहावं ते कळत नाही.

बरं, सगळं साधतं असंही नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे इलेक्ट्रिक किटलीत पांढरा थर बसतो. जिभाऊंनी तिच्यात लिंबू उकळलं, थर निघाला, आणि ते खुशीत घरी गेले. पाणी ओतायचं राहिलं. सासूबाईंनी त्याच पाण्यात चहा टाकला आणि दूध फाटलं. आठवडाभर त्यांनी जिभाऊंचं नाव ऐकून घेतलं नाही. शेजारच्या शोभाताईंचं जर्मनचं इडलीपात्र जिभाऊंनी सोड्यात उकळलं, ते काळंठिक्कर पडलं. शोभाताईंना रडू यायचं बाकी होतं. जिभाऊ ते उजेडात धरून म्हणाले, "नवं दिखस."

कुणी लग्नाचं स्थळ सांगितलं, तर जिभाऊ नोकरी विचारत नाहीत, पत्रिका विचारत नाहीत. "मिक्सरना झाकननं रबर काढीसन दखा. तठे बुरशी व्हई, तर पोर देऊ नका." लोक हसतात आणि हसता हसता गप्प होतात. कारण जिभाऊंची स्वतःची पोर कोणाचं काहीच न बघता लग्न करून गेली.

मंगल तिचं नाव. आई लवकर गेली, जिभाऊंनीच तिला वाढवलं. भाकरी थापायलासुद्धा त्यांनीच शिकवली. साडीच्या दुकानात काम करताना तिथल्याच एका गुजराती मुलाशी तिने लग्न केलं, तेव्हा जिभाऊ दारात उभे राहून गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडले होते, "आखाजीले बी या घरमा पाय ठेवू नको."

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, नाव काढायला नको होतं. आम्हा खानदेशी बायकांना दिवाळी एकवेळ चुकली तर चालते, आखाजीला माहेर हवंच. आणि तेही आपलं आपण उठून जायचं नसतं. माहेरचा माणूस न्यायला यावा लागतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. माझं माहेर भेस्तानला. रिक्षाने गेलं तर भाजी चुलीवर ठेवून परत येता येईल इतकं जवळ. तरी भाऊ स्कूटर घेऊन दारात आल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. मंगलला भाऊ नव्हता, आणि बापाने तोंडाने दार लावलेलं. ती गेली ती गेलीच. तिने नंबर बदलला, जिभाऊंनी शोधला नाही.

मध्यंतरी गल्लीत वेगळीच कुजबुज सुरू झाली. जिभाऊंनी मोठ्या पडद्याचा फोन घेतला होता आणि दिवसभर त्यातून एका बाईचा गोड आवाज यायचा, "अडधुं लींबु लो, चपटी मीठुं नाखो." कान गेलेले, म्हणून आवाज सगळ्यात मोठा. तीच बाई, तेच अर्धं लिंबू, तेच चिमूटभर मीठ, सकाळ-संध्याकाळ. शोभाताईंनी निकाल दिला, की म्हातारा या वयात कुठल्यातरी गुजरातणीच्या नादी लागलाय. इडलीपात्राचा राग त्यांना असा काढता आला.

खरं सांगायचं, तर मलाही तसंच वाटू लागलं होतं.

यंदा आखाजीच्या आधी, मी भेस्तानला जायची पिशवी भरत होते, तर जिभाऊ आले. स्वयंपाकघरात गेले नाहीत. खुर्चीवर बसले. मी पिशवी बाजूला ठेवली.

"माय, उन्हाळामा कोनी फ्रीज बंद करस का?"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर एका बाईचे फक्त हात. रिकामा फ्रीज सोड्याच्या पाण्याने पुसत होते. आवाज तोच: पियर जवानुं होय त्यारे फ्रिज खाली करी, लूछीने, बारणुं खुल्लुं राखवुं. माहेरी जायचं असेल तर फ्रीज रिकामा करून, पुसून, दार उघडं ठेवावं.

मी हाताकडे बघितलं. मनगटावर भाजल्याचा लांबट डाग होता. तो डाग मी ओळखते. मी या गल्लीत नवी नवरी असताना लहानग्या मंगलचा हात तव्याला लागला, तेव्हा जिभाऊंनी त्याला टूथपेस्ट फासली होती आणि डॉक्टरची गरज नाही म्हणून सगळ्यांना दाखवत फिरले होते.

"जिभाऊ, कधीपासून बघताय?"

"तुनाच फोनमा पहिले ऐकी."

मला आठवलं. कुकरचं झाकण अडकलं होतं, म्हणून मी त्यांना एक व्हिडिओ लावून दाखवला होता. तेव्हा ते तीनदा म्हणाले होते, पुन्हा लाव. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

"तोंड दखाडत नही," ते म्हणाले. "नुसता हात. हात बारीक व्हयी ग्यात तिना."

म्हणजे तिने जे जे सांगितलं, ते ते हा माणूस गल्लीभर करत फिरत होता. त्यांच्या घरात एक शेगडी आणि एक जुना मिक्सर. तेवढ्यावर लेकीचे एवढे सगळे व्हिडिओ करून बघणार कसे? मला गलबलून आलं, आणि इतके दिवस आपण काय समजत होतो, याची लाजही वाटली.

"फ्रीज खाली कया तिनी," जिभाऊ म्हणाले. "म्हंजे निंघानी तयारी शे. मुऱ्हाळीनी वाट दखी ऱ्हायनी व्हई का?"

असे व्हिडिओ लोकांसाठी असतात, माहेर हा नुसता बोलण्यातला शब्द असेल, हे माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, "मग जा की आणायला."

"कोठे?"

तिच्या ओट्याचा हिरवा दगड त्यांना पाठ होता. नळ डावीकडे गळतो, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी आहे, मसाल्याच्या डब्याला पिवळं झाकण आहे, सगळं माहीत. घर तापीच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच माहीत नव्हतं.

शेवटी मी माझ्या फोनवरून त्या व्हिडिओखाली लिहिलं. जिभाऊंनी सांगितलं तसंच, अहिराणीत: मुऱ्हाळी येवाले तयार शे. घर कोठे शे?

मग तो दिवस आणि दुसरी सकाळ त्यांनी माझ्या घरात काढली. घासलेला मिक्सर पुन्हा घासला. मध्येच कुणीतरी त्या व्हिडिओखाली विचारलं, की सोड्याने रबर खराब होतं का. जिभाऊंना राहवेना. "तिले तरास नको. मी सांगस, तू लिख."

दुपारी माझ्या प्रश्नाखाली उत्तर आलं. एकच शब्द: आबा?

सगळं जग त्यांना जिभाऊ म्हणतं. आबा फक्त मंगल म्हणायची. मी वाचलं, त्यांना ऐकू आलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा मोठ्याने म्हणाले, "आबा? असं विचारतेय ती."

जिभाऊ काहीतरी बोलले. इतकं हळू, की मलाच ऐकू आलं नाही. ओठांवरून कळलं: हां लिख.

मी लिहिलं. पलीकडे ती काहीतरी लिहीत असावी, निदान मी तसं धरून बसले. म्हटलं, "पत्ता येईल आता. तोवर बसा."

पण ते उठले होते.

"कपडा बदली येस," जिभाऊ म्हणाले आणि चपला न घालताच गल्लीत उतरले.