रुक्मिणबाईच्या मातीचं स्थलांतर

इस्लापूरच्या बाजूला एका टेकडीच्या उतारावर रुक्मिणबाईचं रान होतं आणि ते थोडं थोडं करून खाली निघालं होतं. माथ्यावरचा साग तोडून लोकांनी तिथं सोयाबीन पेरलं, तेव्हापासून त्याचा वेग वाढला. निघालेली माती खालच्या हणमंतरावांच्या शेतात उतरायची. उन्हाळ्यात हणमंतराव हाक मारायचे, "वैनी, तुमच्या पाहुणीला घेऊन जा!" मग रुक्मिणबाई टोपल्यांनी ती वर नेऊन पसरायची. तिची तूर तेवढ्यावर तगायची.

यंदा मात्र महिन्याचा पाऊस एकाच दुपारी कोसळला. तुरीची मुळं उघडी पडली. पाहणीला कृषी खात्याचे वीरेश साहेब आले.

"साहेब, मातीच न्हाई राहिली. आता पेरू कशात?"

"पावसाची सरासरी तर बरोबर आहे," साहेब म्हणाले. "महिन्याचा पाऊस महिन्यातच पडला. कोणत्या दुपारी पडावा, याचा निकष नाही."

"पण माती गेली की!"

साहेबांनी खाली पाहिलं. "गेली कुठे? ती काय, हणमंतरावांच्या शेतात. गावाच्या हद्दीत असलेली वस्तू हरवली, असं खातं मानत नाही."

"मंग आणते टोपल्यानं. दरसाल आणतेच."

साहेब गंभीर झाले. माती उचलून दुसरीकडे नेणं म्हणजे गौण खनिजाची वाहतूक. तिला परवाना लागतो.

"अन् ती खाली आली तवा कुणाचा परवाना होता?" हणमंतरावांनी विचारलं.

"ती स्वतःहून आली. स्वतःहून येणाऱ्या मातीला नियम लागू नाहीत."

टोपली बंद झाली. त्याऐवजी टेकडीवर चर मंजूर झाले. चर उताराला आडवे खणायचे असतात, म्हणजे पाणी अडतं. पण उद्घाटनाचा मांडव सडकेवर होता आणि तिथून आडवे चर दिसत नव्हते. आलेल्या पाहुण्यांना काम दिसायला हवं. म्हणून चर माथ्यापासून पायथ्यापर्यंत उभे, अगदी सरळ मारले. फोटो सुरेख आले.

"साहेब, ही तर पाण्याला घसरगुंडी करून राहिले तुम्ही," रुक्मिणबाई म्हणाली.

"मावशी, मोजमाप लांबीचं असतं. दिशा कोणी विचारत नाही."

पुढच्या पावसाळ्यात चरांनी मन लावून काम केलं. माती या वेळी हणमंतरावांकडे थांबलीच नाही. त्यांचीही माती सोबत घेऊन ती ओढ्यात आणि ओढ्यातून पैनगंगेत गेली.

"आता तरी हरवली म्हणा," रुक्मिणबाई म्हणाली.

"हरवली," साहेबांनी मोकळ्या मनाने मान्य केलं. "पण भरपाई शेतजमिनीला असते. हा तर खडक आहे."

त्या वर्षी टेकडीवर मातीची धूप शून्य नोंदली गेली. जिथं मातीच नाही तिथं धूप होत नाही, हे शास्त्राला धरूनच होतं. गावाला सन्मानचिन्ह मिळालं. हणमंतरावांनी ते गोठ्यात टांगलं. निदान बैलांनी तरी बघावं.

रुक्मिणबाई आता पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी भाजलेली कणसं विकते. मका विकतचा. पावसाळ्यात नांदेडहून, लातूरहून गाड्या येतात. "काय रंग आहे पाण्याचा, अगदी चहा!" असं म्हणत लोक मोबाइल तिच्याच हातात देतात. "मावशी, एक फोटो काढा ना. मागचं पाणी सगळं आलं पाहिजे हं."

ती नीट काढते. तुमच्याही मोबाइलमध्ये असा एखादा असेल. जरा मोठा करून बघा. तुमच्या खांद्यामागे जे तपकिरी कोसळतंय, ते तिचं रान आहे. तुम्ही छान हसताय.