काडीला अहो म्हणणारे अण्णा

घुलेअण्णा आमच्या सोसायटीच्या चेअरमनला ‘ए चेअरमन’ म्हणतात आणि झाडाच्या काडीला ‘अहो’. “अहो, जरा तिरक्या व्हा, छाट घ्यायचाय,” असं ते डाळिंबाच्या काडीला विनवत होते, तेव्हा कुणी पाहुण्या आल्या असाव्यात असं वाटून मी माझी खिडकी लावून घेतली होती.

नियम साधा आहे. मूळ फुटेपर्यंत काडी पाहुणी, तिला मान द्यायचा. मूळ फुटलं की ती घरची. मग ‘अगं’.

अण्णा मूळचे मांजरी गावचे. त्यांच्या जमिनीवरच आमची इमारत उभी आहे. चौथ्या मजल्यावर, माझ्या शेजारी, ते एकटे राहतात. गॅलरीभर अर्ध्या कापलेल्या पाण्याच्या बाटल्या, त्यांत माती आणि काड्या. काडीचं टोक ताज्या कोरफडीच्या गरात बुडवायचं, बुरशी येऊ नये म्हणून चिमूटभर दालचिनीची पूड लावायची, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी शिंपडायचं. एकदा मी दुकानातून मुळं फुटायची पावडर आणून दिली. डबी उलटसुलट बघून म्हणाले, “सर, ही तुमच्या पायांना लावा. रिटायर झाल्यापास्नं एकाच जागी बसताय, लवकर मूळ धराल.”

वाघोलीचा एक नर्सरीवाला त्यांना गुपचूप विचारून जातो. कोरफड जणू मीच सोलली, अशा अभिमानानं मी त्याला जिन्यापर्यंत सोडतो.

गेल्या वर्षी माझी पत्नी सुमती गेली. पुढे ड्रेनेजच्या कामात तिनं फाटकाजवळ लावलेलं अंजीर तोडायचं ठरलं. मीटिंगमध्ये मी गप्प बसलो. अण्णा उठले. “ए चेअरमन, पाइप वळतो. झाड वळतं का?”

पाइप वळला नाही. झाड तोडायच्या आदल्या दिवशी अण्णांनी त्याच्या तीन काड्या काढून घेतल्या.

एक मी हट्टानं घरी आणली आणि रोज पाणी घालून कुजवली. “सर, माया पण मापात घालायची असती,” एवढंच ते बोलले. दुसरी त्यांच्याकडेच वाळली. उरली एक. मी रोज सकाळी भिंतीशी उभा राहून ऐकायचो. अहो. अहो. दीड महिना अहोच.

मग एके दिवशी, “अगं बया!”

मी अनवाणीच धावलो. बाटलीच्या कडेला दोऱ्याएवढं पांढरं मूळ दिसत होतं. अण्णांची छाती फुगली होती. “वहिनींचं झाड हाय, हटणार न्हाई,” म्हणत त्यांनी बाटली माझ्या हातात दिली, पण स्वतःचा हात काढला नाही.

“खाली लिफ्ट हाय ना, तिथं आमच्या हिचं अंजीर व्हतं. ती गेल्यावर धाच वर्सांनी खोदायचं मशीन आलं. मी जमिनीच्या कागदांवर सह्या करत बसलो. एक काडी घ्यायचं सुचलं न्हाई, सर.”

मी बाटली त्यांच्याच गॅलरीत, उन्हाच्या बाजूला ठेवली. म्हटलं, “रोज सकाळी बघायला येईन. बसायला खुर्ची द्याल ना?”

“खुर्ची एकच हाय,” अण्णा म्हणाले.

मी घरातून माझी घेऊन आलो.