दातांची विचारपूस

आमच्या डोणगावात एखाद्या घरची सून गरोदर आहे हे तिच्या सासूच्या आधी किसनमामांना कळायचं. मामा माळी. भाजीची पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरायचे. मेथी सोडून आंबट चुका कोण मागते, चिंचेचं बुटुक कोण पदराआड दडवते, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पण पोटाचं ते कधी बोलले नाहीत. पाटी दारात टेकवून थेट विचारायचे, "सूनबाईचे दात कसे हायेत?"

झालं. बातमी गल्लीभर. आणि दुसऱ्या दिवशी दाराच्या चौकटीत मामांनी दात घासायला बाभळीची ताजी काडी खोचलेली.

एका सासूनं चिडून त्यांची वांगी रस्त्यावर उधळली होती. मामांनी एकेक गोळा केलं, धोतराला पुसलं आणि म्हणाले, "दातांचं सांगतलं नाही तुमी."

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी गावच्या हायस्कुलात मास्तर. दिवसभर पोरांच्या डोक्यात भूमिती कोंबून घरी यावं, तर ओट्यावर मामा हजर. कारण माझ्या बायकोला, शांतेला, दिवस गेले होते.

सातव्या महिन्यात तिच्या हिरड्या सुजल्या. नुसतं बोट लागलं तरी रक्त. सकाळी उशीवर डाग दिसायचे. माझ्या मायनं काडी हिसकून घेतली आणि हाती मशेरी दिली, भाजलेल्या तंबाखूची. "असं रक्त सांडत राह्यली तं पोटातल्याले काय उरीन? काडी तोंडाले लावू नको." गावात सगळ्या बायांचं हेच चालायचं.

शांतेची भाकर सुटली. पेज प्यायची, तीही अर्धी. विहिरीवरून येताना दोनदा टेकायची. तोंड पिवळं पडत चाललं.

बाहेरून मामा म्हणायचे, "काडी बंद करू नका, मास्तर."

आतून माय म्हणायची, "किसन, तुले भाजी इकाची हाये का बायांचे दात मोजाचे हायेत?"

मधात मी आणि माझी डिग्री. तिचा काही उपयोग नव्हता. कॉलेजात हिरड्या कोणी शिकवल्या नव्हत्या. रोज दोघांचं ऐकून मी इतका थकलो की शेवटी एका बाजाराच्या दिवशी रजा टाकली आणि शांतेला मेहकरच्या बसमध्ये बसवलं. मागच्या बाकावर पाटी घेऊन मामा बसलेलेच होते.

डॉक्टरीणबाईंनी तोंड बघितलं आणि मलाच झापलं. "या दिवसांत हिरड्या हळव्या होतात. घाण साचली की सुजतात, पू होतो. सफाई बंद केली म्हणून रक्त वाढलं. मशेरी आजपासून बंद. जेवण तुटलं, अंगातलं रक्त उतरलं, तर ही बाळंतपण कशाच्या जोरावर निभावणार?" पू काढून त्यांनी औषध दिलं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि बोटाला मऊ फडकं गुंडाळून हलकेच घासायचं. बाभळीची काडी? तीही नको, ती टोचते.

बाहेर निंबाखाली मामा बसले होते. बाजाराला गेलेच नव्हते. मेथीनं माना टाकल्या होत्या.

"तुमची काडीबी बंद, मामा," मी म्हटलं. मला जरा बरंही वाटलं.

त्यांनी वाद घातला नाही. "मंग भाकर खाईन का थे?"

"खाईल म्हणतात."

ते मेथीवर पाणी शिंपडत राहिले. मग म्हणाले, "आमची घरवाली, सखू, सांगतच नव्हती, मास्तर. सासू-सासऱ्याच्या घरात बाई तोंडाचं दुखणं कोणाले सांगीन? चावनं होत नव्हतं, तं आपली भाकर गुपचूप बैलाले चारत होती. बैल असा चकचकीत झाला. मले वाटलं, औंदा कडबा चांगला हाये."

"मग मामी?"

"बाळंतपणात अंगात रक्तच नव्हतं. लेकरूबी गेलं." आणि पाटी उचलून ते बसकडे चालू लागले.

डॉक्टरीणबाईंचं सांगणं ऐकून मायनं त्या दिवशीच मशेरीचा डबा शांतेच्या समोरून हलवला. गुळण्यांचं पाणीही स्वतः तापवू लागली.

काही दिवसांनी एका संध्याकाळी शांता म्हणाली, "आज भाकर वाढा मले." मामा तेव्हा ओट्यावर होते, दाराकडे पाठ करून. परक्या माणसानं सुनेचं जेवण बघू नये, असा आमच्याकडचा रिवाज. मी त्यांना चहा विचारला. त्यांनी हातानंच मला गप्प केलं.

आत मायनं कांदा फोडून ताटात टाकला. शांतेनं एक घास घेतला, थांबली. मग कांदा चावल्याचा करकर आवाज बाहेरपर्यंत आला. पुन्हा आला.

तेव्हा कुठे मामा उठले.