वाळिंब्यांचा बंब

बंब दुरुस्त करून पेटवला, की तो पूर्वी ज्या घरात होता त्या घरची माणसं, जिथे असतील तिथून, टॉवेल खांद्यावर टाकून अंघोळीला येतात. म्हणून मी अंगणात बाकडं ठेवलं आहे.

मी कऱ्हाडला एकटा राहतो. मोडीतून जुन्या शेगड्या नि बंब आणून दुरुस्त करतो आणि वहीत नोंद ठेवतो. शेगडीला सहसा कुणी येत नाही; आलंच तर दारात उभं राहून हात शेकतं आणि जातं. बंबाचं तसं नाही. वाळिंब्यांचा बंब चौदा नोव्हेंबरला पेटवला, तेव्हा साडेसहाला तिघं हजर होते: कोल्हापूरहून दत्तूकाका, लातूरहून त्यांची बहीण शालनताई आणि बेळगावहून धाकट्या वहिनी, कुमुदिनी. वाटण्या झाल्यापासून त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. नंबर मात्र ज्याने त्याने आपापला धरला.

"घेतलं तेवढं गार ओता," मी दत्तूकाकांना म्हणालो.

"आमचाच बंब आणि आम्हालाच शिकवताय?"

सांगावं लागतं. गार न ओतल्यामुळेच आमच्या घरचा बंब गेला. मधूदादाने शेवटची बादली घेतली, गार ओतलं नाही, कोरड्या बंबाच्या तळाचा सांधा धरणारा डाग वितळला. मी त्याला त्याच्या सासऱ्यांसमोर बोललो. त्याने बंब मोडीत घातला. त्याला अकरा वर्षं झाली. आम्ही बोलत नाही.

वाळिंब्यांच्या बंबाची तोटी गळत होती, ती मी नवी बसवली. दुसऱ्या दिवशी दत्तूकाका आले नाहीत. कोळशाची जाळी बदलली, शालनताई यायच्या थांबल्या. तेव्हा नोंदी पडताळून पाहिल्या. ज्याचा हात ज्या भागावर जास्त फिरला, तो भाग बदलला की ते माणूस येत नाही. आधी कळतं तर तोटी गळू दिली असती.

कुमुदिनीवहिनी येत राहिल्या. निखाऱ्यांची मधली नळी रोज राखेने घासणं त्यांच्याकडे होतं, आणि आता नळीच झिरपू लागली होती. पहिल्या दिवशी मिनिटाला नऊ थेंब, आठवड्याने तीस. निखारे विझत.

"सासरी माझा नंबर शेवटचा, म्हणून कोमट," त्या म्हणाल्या. "इथे पहिला, तरी कोमटच."

"नळी बदलली तर तुम्ही येणार नाही."

"आणि नाही बदलली तर? पाणी तापत नाही म्हटल्यावर यायचं कशाला, तुमचं तोंड बघायला?"

त्या अंघोळ न करता अर्धा तास बाकड्यावर बसल्या. उठताना म्हणाल्या, "बदला. बंब विझलेला बरा दिसत नाही."

दोन डिसेंबरला विस्तव धरेचना. मी नळी बदलली. तीन तारखेला पाणी खळखळून उकळलं. मी नऊपर्यंत बाकड्यावर बसलो, मग अंघोळ केली आणि घेतलं तेवढं गार ओतलं. त्यानंतर पाच आठवडे वहीत फक्त पाण्याची नोंद आहे.

सात जानेवारीला सकाळी मी टॉवेल खांद्यावर घेऊन जतमधल्या एका अनोळखी अंगणात उभा होतो. बंब आमचा होता, तळाला नवा डाग दिलेला. बाकड्यावर मधूदादा बसला होता. केस पांढरे झालेत.

"माझ्यानंतर तू," तो म्हणाला.

"माहीत आहे."

बंब दुरुस्त करणारे ताम्हणे नावाचे गृहस्थ पान्हा घेऊन आले. तोटीवर वाकून म्हणाले, "बाकी सगळं छान जमलंय. एवढी तोटी गळतेय, ती आज संध्याकाळी बदलून टाकतो."

लहानपणी त्या तोटीसाठी आम्ही दोघं भांडायचो.

दादा अंघोळ करून बाहेर आला. त्याने हौदातून गार पाण्याची बादली भरली, दोन्ही हातांनी उचलली आणि काठापर्यंत बंबात ओतली. माझ्याकडे पाहिलं नाही. रिकामी बादली माझ्यापुढे ठेवली.

"तोटी बदलू नका," मी ताम्हण्यांना म्हणालो. "खाली ठेवायला भांडं मी उद्या घेऊन येतो."