सर्वोत्तम महिला चालक

मंगळवारी सकाळी आठ वाजता दुबईत सुचित्रा सबनीस यंदाची सर्वोत्तम महिला चालक ठरली. बातमी तिच्या नवऱ्याला, गुणवंतला मिळाली, कारण तिचा फोन रोजच्यासारखा त्याच्याबरोबर गाडीतून जबल अलीला निघाला होता.

"मॅडम हैं?" विमा कंपनीच्या सफाने स्पीकरवर विचारलं.

"मॅडम गाडी चला रही हैं," असं म्हणत गुणवंतने वळण घेतलं.

"इसीलिए तो चुना! शनिवार को व्हिडिओ लेंगे. मॅडम बस गाडी चलाएंगी."

बाईच्या नावावर विमा स्वस्त पडतो, असं एजंटने सांगितलं होतं. तीनशे दिरहॅम, म्हणजे सात हजार रुपये वाचले! अट एकच: गाडी बाईंनीच चालवायची, आणि गुण त्यांच्या फोनमधल्या ॲपने द्यायचे. सुचित्राने सहाव्या परीक्षेत लायसन्स मिळवलं आणि स्टिअरिंगला रामराम ठोकला. तेव्हा फोन नवऱ्याकडे गेला. मैत्रिणींचे फोनही तोच घेई. यंदाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून गाळण्या त्यानेच ठरवल्या होत्या.

"नाही म्हणून कळवा," संध्याकाळी घरी सुचित्रा म्हणाली.

"चौकशी लागेल. पॉलिसी खलास!"

"बाबा, धिस इज फ्रॉड," लेक तनया म्हणाली.

"फ्रॉड नाही गं, बचत."

"मग साडी नेसून तुम्हीच चालवा," सुचित्रा म्हणाली.

गुणवंतने मिशीवरून हात फिरवला आणि क्षणभर खरोखर विचार केला.

मग सिलिकॉन ओएसिसमधल्या घराखालच्या पार्किंगमध्ये तीन संध्याकाळी शिकवणी झाली.

"ब्रेक! अगं, ब्रेक!"

"ओरडू नका हो, भलत्यावरच पाय पडतो!"

शनिवारी सफा कॅमेरावाल्याला घेऊन आली. गुणवंत पुढच्या सीटवर बसू लागला.

"हे नकोत," सुचित्रा म्हणाली. "हे ओरडतात."

"यल्ला, चलिए मॅडम!" सफा म्हणाली.

गाडी त्याला न घेताच हायवेला लागली. हायवेवरून बाहेर पडायला उजवीकडे लेन बदलायची कशी, हे सांगायचं राहिल्याचं गुणवंतला तेव्हा आठवलं. त्याच्या खिशातल्या सुचित्राच्या फोनवर ॲपने सांगितलं: 'गाडी उभी आहे. आज एकही चूक नाही. अभिनंदन, सुचित्रा!'

तासाभराने खिशातला फोन वाजला. सवयीने त्याने उचलला.

"हॅलो, सबनीस."

पलीकडे सफा होती. "सर, दुबई कब का पीछे रह गया, उम्म अल कुवैन भी निकल गया. मॅडम बहुत अच्छा चलाती हैं, लेकिन मुडती नहीं. और ॲप बोलता है, गाडी खडी है. इसलिए मॅडम का फोन ढूंढने को रिंग दी." मग तिने विचारलं, "सर, ये आपके पास कैसे?"

 गाडी सरळ चालली आहे.