दोन ओळींचा दारवान

दारवानाला दोनच ओळी होत्या. ‘थांबा! आधी पाय पुसा,’ ही पहिली आणि ‘आता जा,’ ही दुसरी. त्या येईपर्यंत बाबाने सकाळपासून एक राजपुत्र, तीन चेटकिणी, एक बोलणारं घुबड आणि खोकला झालेला ड्रॅगन एवढ्यांचे आवाज काढले होते. घशात काहीच शिल्लक नव्हतं. त्याने दोन बोटांनी नाक दाबलं आणि दारवानाच्या दोन्ही ओळी सरळ नाकातून सोडून दिल्या.

काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट एवढा हसला की त्याचा चहा कळफलकावर सांडला. “दादा, हाच ठेवा! एकदम भारी!”

“दोन ओळींचा माणूस आहे रे,” बाबा म्हणाला. “ठेव. परत कुठे येतोय तो?”

पुस्तकं वाचून ती रेकॉर्ड करणं हा बाबाचा व्यवसाय होता, आणि पुढचं पान आधी न वाचणं हा त्याचा नियम. “ऐकणाऱ्याला पुढचं माहीत नसतं, मग मला कशाला हवं?” असं तो लोकांना सांगत असे. खरं कारण आळस होतं, ते फक्त बायकोला ठाऊक होतं. या वेळी मात्र हाती लागलेलं काम मोठं होतं. ‘निळ्या मनोऱ्याचे वारस’ या मालिकेचे सात भाग. मुलं या मालिकेसाठी वेडी झाली होती आणि त्यातलं सगळ्यात वेडं मूल बाबाच्या घरातच राहत होतं.

ती दहा वर्षांची होती. घरात तिला मुंगी म्हणत, कारण ती एवढीशी चावे, पण चावलेली जागा दिवसभर आठवत राही. सातही भागांची तिने पारायणं केली होती आणि प्रत्येकाबद्दल तिचं मत तयार होतं. “दुसरा भाग घाईत लिहिलाय. तिसऱ्यात राजपुत्र जेवतच नाही आणि तरी डोंगर चढतो. आणि चौथ्यातलं ते गाणं कशाला? कुणीतरी थांबवायला हवं होतं त्यांना.” बाबाच्या आवाजांनाही सूट नव्हती. “ड्रॅगन बरा आहे. पण तू नळ दुरुस्त करताना असाच बोलतोस.”

मत ती मागाल तेवढं देई. पुढची गोष्ट मात्र कधीच सांगत नसे. वर्गातल्या एका मैत्रिणीने डबा खाताना तिला पाचव्या भागाचा शेवट सांगून टाकला होता. त्या मैत्रिणीशी तिने अजून अबोला धरला होता.

पहिला भाग ऐकून झाल्यावर ती बाबासमोर येऊन उभी राहिली. “दारवानाचा आवाज बदल.”

“का?”

“सांगणार नाही.”

“अगं, काही कारण?”

“कारण सांगितलं तर पुढचं कळेल. नुसता बदल.”

बाबाने बायकोकडे पाहिलं. “बघितलंस? कारण न देता हुकूम. ही साहेब होणार कुठेतरी.”

बायको दवाखान्यात लोकांचे कान तपासायचं काम करत असे. ती वर न बघता म्हणाली, “तुझे कान उत्तम आहेत. ऐकायचं तेवढं राहून जातं.”

आवाज बदलला नाही. दुसऱ्या भागात दारवान पुन्हा आला आणि या वेळी चांगली आठ पानं बोलला. तिसऱ्यात तो राजपुत्रासोबत प्रवासाला निघाला. पानं उलटायला बाबाला एक हात मोकळा हवा होता आणि दुसरा नाकावर ठेवून खांदा भरून येत होता, म्हणून त्याने घरून कपडे वाळत घालायचा चिमटा नेला. चौथ्या भागापर्यंत नाकाच्या दोन्ही बाजूंना कायमचे लाल ठसे उमटले. वाण्याने एकदा काळजीने विचारलं, “चष्मा घट्ट होतोय का हो?” आणि बाबा चष्मा लावत नव्हता.

लोकांना मात्र दारवान आवडला होता. प्रकाशनाच्या संपादकबाई फोनवर खूश होत्या. “मुलं शाळेत एकमेकांना ‘पाय पुसा’ म्हणतायत! दारवानाला अजिबात हात लावू नका.” बाबाने हे घरी दोनदा ऐकवलं. मुंगीने ऐकून घेतलं आणि ती फक्त एवढंच म्हणाली, “सहावा भाग कधी आहे?”

सहावा भाग गुरुवारी सुरू झाला आणि सोमवारी द्यायचा होता. शुक्रवारी दुपारी मनोऱ्याला वेढा पडला. राजपुत्र जखमी झाला. दारवान पुढे आला, त्याने अंगावरचा जुना कोट उतरवला, आणि बाबाने चिमटा लावून पुढची ओळ वाचली.

“मीच तो हरवलेला राजा!”

चिमट्यातून ते एखाद्या बदकाने दाखल केलेल्या तक्रारीसारखं वाजलं. रेकॉर्डिस्ट खुर्चीवरून घसरला.

बाबाने पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. पुढची चौदा पानं राजाचं भाषण होतं. त्यात मेलेल्या राणीची आठवण होती, प्रजेची माफी होती, आणि शेवटी राजपुत्राच्या मांडीवर डोकं ठेवून राजा प्राण सोडत होता. हे सगळं नाकातून.

“कट,” बाबा म्हणाला. “अरे, हे आधी कुणी सांगितलं का नाही?”

“पुस्तकात लिहिलंय ना दादा,” रेकॉर्डिस्ट जमिनीवरून म्हणाला.

बाबाने भारदस्त आवाजात वाचून पाहिलं. ते ऐकून संपादकबाईंनी फोनवर विचारलं, “हा कोण?” मग त्याने हळूहळू नाक मोकळं करत नेण्याचा प्रयोग केला, त्यात राजा मरता मरता सर्दीतून बरा होत असल्यासारखा वाटू लागला. “पाच भाग बाजारात आहेत,” बाईंनी निक्षून सांगितलं. “आवाज तोच हवा. आणि हो, मुलं या प्रसंगाला रडतात. रडली पाहिजेत.”

चिमटा लावून पुन्हा वाचायला घेतलं, तर रेकॉर्डिस्ट तिसऱ्या ओळीच्या पुढे टिकेना. त्याला बघून बाबालाही हसू फुटे. संध्याकाळपर्यंत राजा अकरा वेळा मरायला बसला आणि एकदाही मेला नाही.

घरी आल्यावर बाबा मुंगीच्या खोलीच्या दारात उभा राहिला. “मुंगे, दारवान राजा निघाला.”

“कळलं तर!” ती म्हणाली. पण तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. “मी सहावा भाग ऐकणार नाहीये.”

“का गं?”

“तो माझा सगळ्यात आवडता आहे. ते पान मी तीनदा वाचलंय आणि तीनदा रडलेय. तू त्याचा विदूषक केलास.”

बाबाच्या धंद्यात लोकांनी नावं ठेवणं नवं नव्हतं. एकाने त्याच्या आवाजाला गंजलेलं फाटक म्हटलं होतं, तेही त्याने हसून सोडलं होतं. हे मात्र त्याला हसून सोडता येईना. तो पलंगाच्या कडेवर बसला.

“चुकलंच माझं. पण आता आवाज बदलता येत नाही. काय करू, सांग. आता तर पुढचं मलाही माहितीये.”

मुंगीने विचार केला. मत मागितलं की तिला राहवत नसे. “एक तर भाषण लांब आहे. मरणारा माणूस चौदा पानं बोलत नाही. पण ती लेखकाची चूक.”

“आणि माझी?”

“तू त्याला हसतोस. नाक दाबलंस की तुझ्या आवाजात ‘बघा कशी गंमत करतो’ असं येतं. मला ऐकू येतं ते.” ती थांबली. “बाबा, त्याला कुठे माहितीये आपला आवाज विचित्र आहे ते? तो बिचारा नीटच बोलतोय.”

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “कान कुणावर गेलेत बघा.”

दुसऱ्या दिवशी बाबाने आयुष्यात पहिल्यांदा रेकॉर्डिंगआधी सगळी चौदा पानं मनात नीट वाचून काढली. मग चिमटा लावला, रेकॉर्डिस्टकडे पाठ केली आणि सुरू केलं. राजा नाकात बोलत होता, पण त्याला ते माहीत नव्हतं. त्याला राणीबद्दल सांगायचं होतं आणि वेळ थोडा होता. पहिल्या पानावर काचेपलीकडे एक खुसखुस झाली. तिसऱ्या पानानंतर झाली नाही. शेवटी राजपुत्र रडू लागला आणि राजाने त्याला मनोऱ्यात परत पाठवताना तेच सांगितलं, जे तो सगळ्यांना सांगत आला होता. “आधी पाय पूस. आता जा.”

मग हेडफोनमधून आवाज आला, “ओके, दादा.” तंतोतंत दारवानाचा.

“नक्कल कसली करतोस?” बाबा चिडून वळला.

“नक्कल नाही हो,” रेकॉर्डिस्ट बाहीने नाक पुसत म्हणाला.

सहावा भाग बाहेर आला तेव्हा मुंगीने ‘ऐकणार नाही’ म्हटल्याचा विषय कुणी काढला नाही. ती हेडफोन घेऊन खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. बाबा तोपर्यंत बाहेर तेच वर्तमानपत्र तीनदा उलटत बसला. दार उघडलं तेव्हा तिचं नाक त्याच्या नाकाइतकंच लाल होतं.

“चौदा पानं लांबच आहेत,” ती म्हणाली. “बाकी ठीक.”

मुंगीच्या तोंडी ‘ठीक’ याआधी कुठल्याच भागाला आलं नव्हतं. बाबाने वर्तमानपत्र चेहऱ्यापुढे धरलं. ते उलटं होतं.

सातवा भाग बिनबोभाट पार पडला आणि काही महिन्यांनी एक जाडजूड पाकीट आलं. लेखकाने कुणालाही न सांगता आठवा भाग लिहिला होता. तो अजून छापलाही नव्हता. संपादकबाईंनी रेकॉर्डिंगसाठी कागद पाठवले होते आणि कुणालाही दाखवायचे नाहीत, असं बजावलं होतं. बाबाने दोन दिवस खोलीत बसून तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला.

मुंगीला हे कळायचं ते कळलंच. ती दारावर धडकली. “बाबा, फक्त एक सांग. दारवान परत येतो का? नुसतं हो किंवा नाही म्हण!”

“मत देऊ?” आतून विचारणा झाली. “भाग चांगला जमलाय. मधे जरा रेंगाळतो.”

“मत नकोय मला! पुढे काय होतं ते सांग!”

“ते कसं सांगू? मजा जाईल.”

तिने मूठ फिरवली आणि दार ढकललं. बाबा कागदांवर दोन्ही हात पसरून बसला होता आणि त्याच्या नाकाला चिमटा होता.

“थांबा!” तो म्हणाला. “आधी पाय पुसा.”