वेधशाळेतली भाकरी

गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी मुरूमचे गुरुलिंगआण्णा हैदराबादच्या वेधशाळेत शिरले ते मान खाली घालून. मागोमाग त्यांची बायको शिवकांताबाई, त्याही तशाच. निजामाच्या राज्यातलं नवल बघायला दोघं इतक्या लांब आली होती आणि बघत होती फरशी. चवथीचा चंद्र दिसला की चोरीचा आळ येतो, हे कुणाला ठाऊक नाही? त्यातून मठाची सगळी चांदी विश्वासानं आण्णांच्या तिजोरीत. पण हैदराबादच्या मेहुण्यानं पास काढले ते नेमके त्याच दिवसाचे.

शिपायानं अदबीनं दुर्बीण दाखवली. आण्णांनी डोळा लावला आणि हरखूनच गेले.

"अगं, ज्वारीची चतकोर भाकरी हाय की! कशी फोड आलेली. बघ तर!"

"भाकरी नईं हजरत, चाँद है," शिपाई म्हणाला.

आण्णा मटकन खाली बसले.

"बरं झालं, म्या न्हाय बघितला," शिवकांताबाई म्हणाल्या. "आता कुणाची तरी शिवी खावा. त्याबिगर दोष फिटायचा न्हाय."

बाहेर येताच आण्णांनी पहारेकऱ्याच्या पत्र्यावर खडा टाकला. पहारेकरी धावत आला. "आपको लगा तो नईं साब?" म्हणाला आणि पाणी आणायला पळाला. मग फाटकाशी आण्णांनी एका शेरवानीवाल्या म्हाताऱ्याचा पाय चांगलाच तुडवला.

"माफ कीजिए," म्हातारा कळवळत म्हणाला, "हमारा पाँव आपके रास्ते में आ गया."

"काय शहर म्हणायचं ह्ये!" आण्णा रडकुंडीला आले. "धड शिवीबी मिळंना. तूच दे की एखादी."

"नवऱ्याला? पाप लागंल मला!"

अशी होती ती माणसं. आठवलं की अजून जीव हळवा होतो. आज न मागता शिव्या मिळतात. चव्वेचाळीस साली आण्णा मागत फिरले तरी एक मिळेना.

आता सगळी भिस्त शेजारच्या दगडाबाईवर. तिच्या तोंडाला अख्खं मुरूम वचकून असायचं. गावी पोचताच आण्णांनी हातपायही न धुता तिच्या पत्र्यावर धोंडा घातला. दगडाबाई पदर खोचून बाहेर आली, तोंड उघडलं, पण समोर आण्णा दिसताच तिनं पदर डोक्यावर घेतला.

"आण्णा, कोण हुतं? बघितलं का?"

"म्याच टाकला."

"तुमी? उगं कुणाला पाठीशी घालू नका."

"देवाची आण घेतो, बाई. म्याच!"

"आणबी खोटी?" दगडाबाई भडकली. "केस पिकले आन् धडधडीत खोटं बोलताव? लबाड कुठले! मेल्यांनो, देवाला तरी भ्या!"

आण्णांनी भक्तिभावानं हात जोडले. उभ्या जन्मात पहिल्यांदा आळ आला होता, तोही खरं बोलल्याबद्दल, आणि उताराही सोबतच मिळाला होता.

"फिटलं गं!" ते बायकोला म्हणाले. "पण ही 'मेल्यांनो' का म्हणाली? म्या तर एकटाच."

शिवकांताबाईंनी हळूच हात जोडले.

"बरं झालं म्हणाली," त्या म्हणाल्या. "तुमी खाली बसला, तवा म्याबी डोळा लावला हुता. एवढ्या लांब जाऊन भाकरी न बघता कशी येऊ?"